बिऱ्हाडाचा जमाखर्च

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्याकडे म्हण आहे. एका दृष्टीनें विंचू भाग्यवानच म्हटला पाहिजे. त्याला घरमालकाकडून अनामत परत मागावयाची नसते, गॅसचें सिलिंडर परत करावयाचें नसतें, आणि मुलांच्या शाळेचा दाखलाहि काढावयाचा नसतो. माणसाचें बिऱ्हाड पाठीवर मावत नाहीं. तें ट्रकांत घालावें लागतें, आणि ट्रकांत जें मावत नाहीं त्याचीच चिंता पुढें अधिक करावी लागते.

नागपूर शहरानें तर बिऱ्हाडें हलतांना पुष्कळ पाहिलीं आहेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी उरलें नाहीं, आणि कचेऱ्यांच्या कपाटांबरोबर कित्येक नोकरदारांचे संसार भोपाळास व मुंबईस गेले. पुढें सरकारी हुकमाइतकीच खाजगी नोकरीहि माणसाला हलवूं लागली, आणि नागपुराहून पुण्यास बिऱ्हाड नेणें ही तर आतां नित्याची गोष्ट झाली आहे. उदाहरणादाखल असेंच एक कुटुंब डोळ्यांपुढें घेणें सोयीचें होईल. पुढें येणारे घरखर्चाचे आंकडे नमुन्याचे आहेत. वस्ती, घर व हंगाम यांप्रमाणें ते कमीअधिक होतील. त्यांचा एकमेकांशीं असलेला संबंध मात्र फारसा बदलणार नाहीं.

समजा, नागपुरांत तिसऱ्या मजल्यावर भाड्यानें राहणारा एक मध्यम वयाचा गृहस्थ आहे. घरांत पत्नी, नववींत जाणारी मुलगी, पांचवींत जाणारा मुलगा आणि पंचाहत्तरी गांठलेली आई. १० एप्रिलला हुकूम हातीं येतो, कीं २ जून रोजीं पुण्याच्या कचेरींत रुजू व्हावें. मोडतां येण्याजोगी शिल्लक १,८०,००० रुपये आहे. गृहस्थ लगेच एका वाहतूकदारास विचारतो. तो ३२,००० रुपये सांगतो. गृहस्थ निश्चिंत होऊन घरीं सांगतो, "शिल्लक पुरून उरेल. काळजीचें कारण नाहीं."

येथेंच पहिली चूक होते. ट्रकाचें भाडें म्हणजेच स्थलांतराचा खर्च, असें बहुतेक शहाणीं माणसेंहि धरून चालतात. सुदैवानें या घरची गृहिणी मुलीची अर्धी कोरी राहिलेली वही घेऊन बसते, आणि सगळा खर्च एकाखालीं एक मांडते.

पुण्यास घर व शाळा पाहण्यासाठीं आधीं एक खेप, ८,०००. नव्या घराचें भाडें दरमहा २४,००० धरून तीन महिन्यांची अनामत ७२,०००. पहिल्या महिन्याचें भाडें २४,०००. दलालाचा मेहनताना एका भाड्याइतका, म्हणजे आणखी २४,०००. भाडेकरार व त्याची नोंदणी ३,०००. दोन्ही मुलांचा शाळाप्रवेश ३०,०००. ट्रक व बांधाबांध ३२,०००. मालाचा विमा ४,०००. दोन्ही टोकांस जिना असल्यामुळें हमालांची वाढीव मजुरी ४,०००. पांच माणसांचा रेल्वेप्रवास ६,५००. मे महिन्यांत घर सोडण्याची सूचना द्यावयाची असें मनांत असल्यामुळें नागपूरच्या घराचें जूनचें भाडें १४,०००. नव्या घरांत पंखे, नळ, पडदे व सुतार यांस ६,५००. गॅस व किरकोळ ३,०००. बेरीज होते २,३१,०००.

ट्रकाचें भाडें या बेरजेच्या सातव्या हिश्श्याइतकेंच आहे. आणि निश्चिंत झालेल्या गृहस्थापुढें ५१,००० रुपयांची तूट उभी राहते.

अशा वेळीं माणसें दोन मार्ग धरतात. एक तर व्याजानें कर्ज काढतात. नाहीं तर खर्चाला कात्री लावूं लागतात, आणि ती कात्री बहुधा विम्यावर किंवा नव्या घराच्या सोयींवर चालते. परंतु त्यापूर्वीं एक गोष्ट तपासून पाहण्यासारखी आहे. या वहींत रुपयांचा रकाना आहे, तारखेचा नाहीं. कोणता पैसा कोणत्या दिवशीं जाणार आणि कोणता पैसा कोणत्या दिवशीं परत येणार, हें लिहिलें म्हणजे हिशेबाचें स्वरूप पालटतें. नव्या घराचे ७२,००० हे खर्चच नव्हेत. ते अडकून पडलेले आपलेच पैसे आहेत. त्याचप्रमाणें नागपूरच्या मालकाकडे अनामत म्हणून आपले २८,००० पडून आहेत. नवी अनामत घर मिळण्यापूर्वीं द्यावी लागते आणि जुनी घर सोडल्यानंतर मिळते. स्थलांतरांत माणूस नडतो तो बहुशः या मधल्या दिवसांत.

गृहिणी दुसरा रकाना आंखते. पहिली तारीख ३० एप्रिल. त्या दिवसाच्या आंत मालकास घर सोडण्याची लेखी सूचना दिली, तर करारांतील एक महिन्याची अट मेअखेर पुरी होते आणि जूनचें भाडें, १४,००० रुपये, द्यावेंच लागत नाहीं. दुसरी तारीख १५ मे. त्या दिवशीं मालकास घर दाखवावें. भिंतीचा गिलावा, तुटलेली कडी, विजेचें शेवटचें देयक यांबद्दल काय कापून घेणार हें तेव्हांच ठरवावें. आणि उरलेली अनामत किल्ली हातीं देतांना मिळेल असें कागदावर घ्यावें. ट्रक निघाल्यावर या गोष्टीची चर्चा सुरू केली, तर ती पुढें टपालानें व दूरध्वनीनें कित्येक महिने चालते. तिसरी तारीख वस्तु विकण्याची. ती साधली तर १२,००० येतात.

चौदा, अठ्ठावीस आणि बारा मिळून चोपन्न हजार होतात. एकावन्न हजारांची तूट भरून निघते, आणि त्यासाठीं कर्जहि काढावें लागत नाहीं व कोणाची सोयहि कापावी लागत नाहीं. शिवाय अशा कामांत बेरजेच्या दहाव्या हिश्श्याइतकी रक्कम अनपेक्षितासाठीं बाजूला असावीच लागते. ती कोठून आणावयाची? कचेरी बदलीखर्चाचे ५०,००० रुपये पावत्या पाहून नंतर देणार आहे. त्यांपैकीं निम्मी रक्कम उचल म्हणून आधीं मिळेल काय, हें एप्रिलमध्येंच अर्ज करून विचारावें. जूनमध्यें विचारलें तर उत्तर येईपर्यंत गरज होऊन गेलेली असते.

आतां वस्तूंकडे वळावें. प्रत्येक वस्तूस तीन प्रश्न विचारावे: ती नवी घेतल्यास काय पडेल, ट्रकांत किती जागा अडवील, आणि नव्या शहरांत तिचें काम काय? वाहतूकदार घरसामानाचें भाडें वजनापेक्षां जागेवर अधिक ठरवितो, हें येथें ध्यानांत ठेवावें. नागपूरच्या घरांतील लोखंडी कूलर हें याचें उत्तम उदाहरण होय. ज्या शहरांत उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांपुढें जातो, तेथें तो कुटुंबाचा एक घटकच असतो. पण पुण्याची हवा त्या मानानें सौम्य. तेथें तो बाल्कनी अडवून बसेल. तो मे महिन्यांत विकावा, कारण एकदां पाऊस पडला कीं त्याला कोणी विचारीत नाहीं. मात्र सौदा आधीं करून वस्तु निघण्याच्या दिवशीं द्यावी; नाहींतर बारा हजारांच्या लोभानें घरानें मे महिना घामांत काढावयाचा. दाबलेल्या भुशाच्या फळ्यांचे पलंग व कपाटें एकदां खोललीं कीं पुन्हां तशीं बसत नाहींत, तींहि विकावीं. सागवानी वस्तु मात्र न्यावी. सालाचा गहूं व डाळ त्या वर्षीं भरूं नये. पुस्तकें मोठ्या खोक्यांत भरलीं तर हमालास उचलत नाहींत व खोक्याचा तळ सुटतो. तीं लहान खोक्यांतच भरावीं.

वाहतूकदार निवडतांना किमान तिघांना घरीं बोलावून सामान दाखवावें. न पाहतां सांगितलेला आंकडा पुष्कळदां ट्रक भरल्यावर वाढतो, आणि तेव्हां माल त्याच्या हातीं व घाई आपल्या अंगीं असते. पूर्ण ट्रक कीं दुसऱ्याच्या मालाबरोबर, हें स्पष्ट लिहून घ्यावें. भागीचा ट्रक स्वस्त पडतो, पण वाटेंत माल उतरविला व चढविला जातो आणि पोंचण्याची तारीख सैल राहते. नागपूर ते पुणें हें अंतर रस्त्यानें सातशें किलोमीटरांहून अधिक आहे. समृद्धि महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाल्यापासून छत्रपति संभाजीनगरपर्यंतचा प्रवास सुकर झाला आहे. तेथून पुण्याचा ट्रक अहिल्यानगरवरून उतरतो. त्यामुळें पूर्ण ट्रक घेतला, तर तिसऱ्या दिवसापर्यंत माल दारीं यावयास हरकत नाहीं.

बिल्टी हा कागद क्षुल्लक समजूं नये. माल रस्त्यानें वाहून नेण्यासंबंधीं २००७ सालचा केंद्रीय कायदा आहे. त्याखालीं वाहतूकदाराची नोंदणी असावी लागते. ती आहे कीं नाहीं, हें आधीं विचारावें. माल हरवला किंवा मोडला तर त्याची जबाबदारी, वेगळा करार नसल्यास, भाड्याच्या दहा पटींपर्यंत धरली आहे, आणि तीहि आपण लिहून दिलेल्या किमतीच्या पलीकडे जात नाहीं. म्हणजे ३२,००० भाडें दिलेल्या माणसाची मर्यादा ३,२०,००० झाली. पण त्यानें विम्याचे चार पैसे वांचविण्यासाठीं सामानाची किंमत ५०,००० लिहिली असेल, तर त्याला पन्नास हजारांवर हक्क सांगतां येणार नाहीं. त्या कायद्याप्रमाणें दावा लावण्यापूर्वीं माल नोंदविल्यापासून १८० दिवसांच्या आंत लेखी सूचना द्यावी लागते. म्हणून खोक्यांवर क्रमांक घालावे, प्रत्येक क्रमांकांत काय आहे याची यादी दोन प्रतींत करावी, मौल्यवान यंत्रांचीं छायाचित्रें घ्यावीं, आणि माल उतरतांना मोजणी झाल्याशिवाय सही करूं नये. भाड्याचा कांहीं भाग माल पोंचल्यावर देण्याचें ठरवावें.

कांहीं वस्तु ट्रकांत जाऊंच नयेत. दागिने, औषधें, दाखले व बँकेचे कागद हातच्या पिशवींत असावे. गॅसचें सिलिंडर कोणत्याहि वाहनानें बरोबर नेऊं नये. तें व रेग्युलेटर वितरकाकडे परत करून कागद घ्यावा. नव्या गांवीं त्यावर जोडणी मिळते. यांत एक बारीक गोष्ट अशी, कीं जुनी अनामत ज्या दरानें भरली असेल त्याच दरानें परत मिळते, आणि नवी मात्र चालू दरानें भरावी लागते. हा फरकहि वहींत असावा. दुचाकी रेल्वेनें पाठविल्यास टांकींतील पेट्रोल पूर्ण काढावें लागतें. एकाच राज्यांत राहत असल्यामुळें वाहनाचा क्रमांक बदलावा लागत नाहीं, पण पत्ता बदलल्याची सूचना तीस दिवसांत द्यावयाची असते. मतदारयादींतील नांव हलविण्यासाठीं आठ क्रमांकाचा अर्ज आहे. नव्या घराचा भाडेकरार लेखी व नोंदविलेला असावा, असें महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या ५५ व्या कलमानें सांगितलें आहे, आणि ती जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. हा नोंदविलेला करार पुढें पत्त्याचा पुरावा म्हणून जागोजागीं उपयोगी पडतो.

मुलांच्या शाळेची तारीख तर पैशाहून महत्त्वाची. विदर्भांतील शाळा उन्हामुळें इतर महाराष्ट्राच्या मागाहून उघडतात. नागपूरच्या सवयीनें जूनअखेर निघूं असें ठरविणाऱ्या पालकांच्या मुलांचे पुण्यांतील पहिले वर्ग बुडतात, आणि नवख्या मुलास पहिलाच आठवडा सर्वांत मोलाचा असतो. मैत्री त्याच आठवड्यांत जुळते. आठवीपर्यंतच्या मुलास २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचा आधार आहे. शाळा सोडल्याचा दाखला मुख्याध्यापकांनीं ताबडतोब द्यावा, आणि दाखल्यास उशीर झाला म्हणून नव्या शाळेनें प्रवेश नाकारूं नये, असें त्यांत आहे. नववींतील मुलीस हा आधार नाहीं. म्हणून तिचा दाखला निकालाच्या दिवशींच मागावा; सुट्टी सुरू झाल्यावर शाळेची कचेरी कोणत्या दिवशीं उघडी सांपडेल याचा नेम नसतो.

इतकें सर्व लिहून झालें तरी या घरचा हिशेब पुरा होत नाहीं. मेच्या पहिल्या आठवड्यांत आई शांतपणें सांगते, "तुम्ही सारे जा. मी इथेंच राहीन. धाकट्या बहिणीकडे माझी सोय होईल." मुलगा समजूत घालतो, सून समजूत घालते, उपयोग होत नाहीं. त्या दिवशीं न्यावयाच्या वस्तूंची यादी भिंतीवर लागलेली असते, आणि तींत पाट्या-वरवंट्यासमोर "विकणें किंवा देणें" असें लिहिलेलें असतें. हिशेबानें तें बरोबरच आहे. घरांत मिक्सर आहे, आणि पाटा उचलावयास दणकट माणूस लागतो. परंतु पाटा कोणाचा, हें कोणी विचारलेलें नसतें. आणि पुण्यास जावयाचें कीं नाहीं, हेंहि तिला कोणी विचारलेलें नसतें.

ही गोष्ट गृहिणीच्या ध्यानीं येते. ती यादींत तिसरा रकाना आंखते: वस्तु कोणाची. ज्याची वस्तु, त्याच्या संमतीवांचून ती यादींतून उतरावयाची नाहीं. आणि प्रत्येकास, धाकट्यापासून आजीपर्यंत, एकेक खोकें मिळतें, ज्याला वरील तीन प्रश्न विचारावयाचे नाहींत. मुलगा त्यांत पतंगाची चक्री व गोट्या भरतो. मुलगी मैत्रिणींचीं पत्रें भरते. आईच्या वांट्यास पाटा-वरवंटा, देव्हारा व तुळशीच्या वाळल्या मंजिऱ्यांची पुडी येते. पूर्ण ट्रकांत पाट्यानें भाडें वाढत नाहीं. हमालास थोडे अधिक द्यावे लागतात, एवढेंच.

त्याबरोबर वहीचें एक पान आईच्या नांवें निघतें. घर पाहण्याच्या खेपेंतच तळमजला किंवा उद्वाहन असलेलें घर शोधावयाचें. त्यासाठीं भाडें दरमहा हजार रुपये अधिक पडलें तरी तें इतरत्र वांचवावयाचें. मधुमेहाचीं औषधें एक महिन्याचीं आधींच घ्यावयाचीं, आणि नागपूरच्या डॉक्टरांकडून प्रकृतीची हकीकत लिहून आणावयाची. दिवाळींत तिला नागपूरची खेप घडवावयाची. तिचें भाडें आजच बाजूला ठेवावयाचें. हें पान गृहस्थ स्वतः आईला वाचून दाखवितो. ती सगळें ऐकून घेते आणि एकच विचारते, "दिवाळीचं तिकीट नक्की ना?" दुसऱ्या दिवशीं ती लोणच्याच्या बरण्यांचीं तोंडें फडक्यानें बांधावयास बसते.

३० मे रोजीं ट्रक भरतो. स्वयंपाकाचीं भांडीं व आईचें अंथरूण असलेलें एक क्रमांकाचें खोकें सर्वांत शेवटीं चढतें, म्हणजे तें सर्वांत आधीं उतरेल. एका रात्रीपुरत्या चादरी, पातेलें व चहासाखर हातच्या सामानांत असते. ३१ तारखेस घर झाडून किल्ली मालकाच्या हातीं जाते व अनामत घेतली जाते, आणि रात्रीच्या गाडीनें कुटुंब निघतें. १ जूनला सकाळीं करार सुरू झालेल्या घरांत तें पाऊल टाकतें. ट्रक येईपर्यंत घर रिकामेंच असतें, पण चहा होतो.

पावत्यांचा लिफाफा मात्र त्यानंतरहि जपावयाचा असतो. कचेरीचे उरलेले पैसे त्याच पावत्यांवर मिळावयाचे आहेत, आणि एखादें खोकें ओलें किंवा फुटकें निघालें तर १८० दिवसांची मुदत चालूच आहे. गृहिणी वहींत शेवटची बेरीज जुलैअखेर करते. पंखेवाला व सुतार धरल्यापेक्षां अधिक लागले, भागीच्या ट्रकाचा मोह टाळला म्हणून सामान धड आलें, कचेरीची उचल निम्मी शिल्लक राहिली. त्या शिलकींतून ती प्रथम दिवाळीचें एक तिकीट काढते आणि वहींत त्यासमोर तारीख लिहिते.